प्रेमलाच्या चालीचे चार गिअर

गाडी बांधणाऱ्या माणसाला लोक पहिला प्रश्न विचारतात तो एकच, किती पळते? एडवणच्या दिनानाथ चुरीला हा प्रश्न निम्म्या गावाने विचारला आणि त्याने प्रत्येकाला खरं तेच सांगितलं. ताशी साडेतीन किलोमीटर. फार रागात असली तर पावणेसहा. ऐकणारा हसून पुढे जायचा, कारण गाडीला राग येतो हे एडवणात अजून तरी कोणी ऐकलं नव्हतं. दिनानाथ मात्र हसत नसे. राग कोणाचा ते त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि ते नाव घ्यायची त्याची छाती नव्हती.

नाव होतं प्रेमला. त्याची बायको.

आता ही प्रेमला म्हणजे चालणारी बाई. तिला गाडी लागते. एसटी लागते, रिक्षा लागते, पुतण्याच्या एसी गाडीत तर फाटकाबाहेर पडायच्या आत लागली. त्यामुळे लग्न होऊन एडवणात आली त्या दिवसापासून ती पायी. केळव्याच्या देवीला पायी, माहेरी पायी, डोक्यावर विड्याच्या पानांची टोपली घेऊन बाजाराला पायी. चाल अशी की कॉलेजच्या पोरी तिच्या मागे धापा टाकत. आणि दिनानाथला ह्या चालीचा कोण अभिमान! बोईसरच्या एमआयडीसीत एकतीस वर्षं तो गिअर कापायच्या मशीनवर होता, पण बढाई मारायची ती मशीनची नव्हे. पस्तीस वर्षं हिच्या पावलाला पाऊल लावून चाललो, एक दिवस मागे पडलो नाही, हे तो पारावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा.

दोघांचा नेम होता. संध्याकाळी पाचचा चहा झाला की घरातून निघायचं, आशापुरीच्या देवळापर्यंत जायचं, तिथून समुद्राकडे थोडं टेकायचं आणि परत. तासाभराचा फेरा. आणि ह्या दोघांचा जो काही संसार होता तो खरं म्हणजे ह्या रस्त्यावरच झाला. घरात प्रेमला बोलत नसे. घरात तिला काम दिसे. समोर बसवली तर तोंड उघडायच्या आधी तिला पाणी सोडायचं आठवे, वाळत घातलेल्या मिरच्या आठवत. पण रस्त्याला लागली की तिची जीभ सुटे. वाडी कशी करायची, पोरीला कुठे द्यायची, त्याने कारखाना कधी सोडायचा, सगळं चालता चालता ठरलेलं.

आणि आठ महिन्यांपूर्वी दिनानाथचे दोन्ही गुडघे बसले. पालघरच्या डॉक्टरने फोटो बघून सांगितलं, चालणं बंद, घरातल्या घरात काठी घेऊन तेवढं. झालं. पाचचा चहा व्हायचा, ती एकटी फेरा मारून यायची, आणि दिनानाथ ओटीवर बसून रस्त्याकडे बघत राहायचा. आठ महिन्यांत दोघांमध्ये जे बोलणं झालं ते औषध घेतलंत का, घेतलं, एवढंच. भांडण नाही, रुसवा नाही. नुसतं बोलणंच संपलं, आणि त्याला ते खायला उठलं. माणूस रात्रंदिवस बाजूला आहे आणि तरी त्याची आठवण येते, ही गोष्ट तो सांगणार तरी कोणाला?

पुतण्याने म्हाताऱ्यांसाठी मिळते तसली बॅटरीची गाडी आणून बघितली. एक संध्याकाळ दिनानाथ तिच्यावर बसून प्रेमलाबरोबर निघाला. कान पिळला की गाडी ढुशी मारून वीस पावलं पुढे, सोडला की जागच्या जागी थांबे. प्रेमलाचं वाक्य सुरू व्हायचं तो हा पुढे गेलेला, संपायचं तो हा मागे राहिलेला. तिसऱ्या वाक्याला तिने बोलणं सोडून दिलं. दिनानाथने गाडी परत केली आणि त्याच्या डोक्यात किडा शिरला. गिअर कापण्यात हाडं झिजवलेला माणूस तो. त्याचं म्हणणं एवढंच की जगात कुठल्याही वेगाला वेग जुळवता येतो, रेशो बरोबर काढला पाहिजे.

म्हणून गाडी. भंगारातल्या रिक्षाचं इंजिन, स्कूटरची चार चाकं, पाइपांचा सांगाडा आणि बसायला वेताची खुर्ची. सांगाडा जोडला कोळीवाड्यातल्या जिवल्याने. हा होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो, वेल्डिंग करतो आणि सांगितलं त्याच्यापलीकडे प्रश्न विचारत नाही, म्हणून दिनानाथचा त्याच्यावर जीव. गाडी इतकी हलकी केली होती की जिवल्या आणि पुतण्या मिळून उचलून ओटीवर ठेवत.

पहिला प्रश्न आवाजाचा. शेजारी चालणाऱ्या बाईचं बोलणं ऐकू आलं नाही तर गाडी चालून उपयोग काय? दिनानाथने जिवल्याला इंजिनाशेजारी उभा केला आणि हळू आवाजात एकच वाक्य म्हणायला लावलं, की नवापूरला कोलंबी बरी लागली. इंजिन कमीजास्त करत हा खुर्चीत डोळे मिटून ऐकत बसला. जिवल्याने नवापूरची कोलंबी चाळीसएक वेळा लावली. मिनिटाला चौदाशे फेऱ्यांवर दिनानाथला कोलंबी स्वच्छ ऐकू आली. त्याने तिथेच इंजिनाचा स्क्रू आवळला आणि जिवल्याकडून वरून वेल्डिंगचा ठिपका मारून घेतला. इंजिन आता जन्मभर चौदाशेच फिरणार. पुढे जे काय जमवायचं ते गिअरने.

आणि गिअरपेटीत जागा होती चार गिअरला. बाईच्या चाली मात्र चार थोड्याच असतात!

दिनानाथने आठवून आठवून यादी केली. डोक्यावर टोपली असतानाची एक. रोजची एक. चुलीवर दूध ठेवून आल्याचं मध्येच आठवतं तेव्हाची एक. आणि रागातली. शेजारची नलू भेटली की ती उभीच राहते, त्याला गिअर लागत नाही. चार झाले. पण अंदाजावर गिअर कापणारा तो माणूस नव्हे. मोजल्याशिवाय हात लावायचा नाही हे त्याच्या अंगात मुरलेलं. बायकोला मात्र सांगायची सोय नाही, कारण चालीकडे कोणी बघतंय कळलं की चाल बिघडते. मग त्याने जिवल्याला कामाला लावलं. घरापासून देवळापर्यंत सिमेंटच्या रस्त्याच्या कडेला दर दहा मीटरवर पांढऱ्या ऑइलपेंटने रेघ आणि रेघेशेजारी आकडा. जिवल्या बांधावर जाळं विणायचं सोंग करून बसणार आणि मोबाइलवर सेकंद मोजणार. खडूने करायला हवं होतं. पण खडू पुसला जातो, असं दिनानाथ म्हणाला, आणि तिथे घात झाला.

कारण ह्या पट्ट्यात रस्त्याकडेला पांढरा रंग दिसला की माणूस आधी सातबारा शोधायला धावतो. कधी रेल्वे येते, कधी महामार्ग, कधी बंदर, कधी नुसतीच पाइपलाइन. जे काही येतं ते आधी रंग घेऊन येतं, मग कागद, मग पोलीस. सकाळी नलूने तिच्या फाटकाशी १४० लिहिलेलं पाहिलं आणि तिथूनच पावलांनी अंगण मोजायला लागली. एकशे चाळीस फूट म्हणजे तिचं अंगण, घर, विहीर आणि मागचा गोठा धरूनही पुरत नव्हतं. दुपारपर्यंत गावात दोन नकाशे फिरत होते, एकात चौपदरी, एकात सहापदरी. संध्याकाळी देवळासमोर सभा. कोण म्हणे मोजणीवाले पहाटे जीप घेऊन आले होते, कोणी त्यांना पाहिलंही होतं, एकाने तर त्यांना पाणी दिलं होतं.

दिनानाथ पुतण्याच्या गाडीतून सभेला आलेला, मागच्या खुर्चीत काठीवर हनुवटी टेकून बसलेला. शेजारी जिवल्या, जाळ्याकडे बघत. उठून खरं सांगावं असं दिनानाथच्या मनात तीनदा आलं, शपथेवर आलं. पण खरं सांगायचं म्हणजे भरसभेत सांगायचं, की मी माझ्या बायकोची चाल चोरून मोजतोय. आणि तेवढ्यात बायकोच उभी राहिली. प्रेमला सभेत कधी बोलली नव्हती. पदर खोचून म्हणाली, आमच्या दारात येऊन आमाला न विचारता मापं काढणारा कोण, त्याचं तोंड मला एकदा बघायचं हाय. टाळ्या झाल्या. दिनानाथनेही वाजवल्या. ठराव लिहिला गेला आणि निषेधाखाली त्रेचाळिसावी सही त्याची पडली, ह्या माणसाला काय म्हणावं!

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकांचा मोर्चा निघाला, खुणा पुसायला. नारळाची सोडणं हातात, आणि घासायला डिझेल. डिझेल दिलं जिवल्याने. चाळीस बायका, सगळ्यात पुढे प्रेमला, पदर खोचलेला, नाक लाल. आधी देवळापर्यंत घोषणा देत जायचं आणि परतताना घासत यायचं असं ठरलेलं. दिनानाथ ओटीवर उभा राहिला. आठ महिन्यांत काठीशिवाय पहिल्यांदा. कारण अशी चाल त्याने पूर्वी बघितली होती, पण मापात कधी सापडली नव्हती, आणि खुणा अजून तासभर तरी जागेवर होत्या. त्याने जिवल्याकडे बघितलं. जिवल्याने जाळं मांडीवर घेतलं.

दहा मीटरला सव्वासहा सेकंद. चौथा गिअर मिळाला.

बाकीचे तीन आधीच वहीत होते. टोपली साडेबारा सेकंद, रोजची बरोबर दहा, दूध सव्वाआठ. दिनानाथने हिशेब मांडला. इंजिनाच्या किती फेऱ्यांना चाकाची एक फेरी, तर टोपलीला एकोणचाळीस, रोजच्याला साडेएकतीस, दुधाला सव्वीस, रागाला वीस. कागद घडी करून खिशात घातला आणि पुतण्याच्या गाडीतून बोईसर गाठलं.

एमआयडीसीत धर्माजीचं छोटं वर्कशॉप आहे. हा दिनानाथचा जुना फोरमन. मशीनवर बिहारकडचा एक जवान ऑपरेटर होता, त्याने कागद बघून हौसेने विचारलं, चाचा, टॉप कितना मिलेगा? पौने छह, दिनानाथ म्हणाला. पोराला साठ ऐकू आलं असावं, त्याने मान डोलावली. दिनानाथने पुन्हा सांगितलं, छह, बेटा, उसमें से भी पाव कम. पोरगा मशीन पुसायला निघून गेला. धर्माजीने चष्मा लावला, कागद उजेडात धरला आणि लोड किती, कशाचा, असं विचारलं. दिनानाथने त्याला सगळं सांगितलं. धर्माजीने चष्मा काढून पुसला. मग म्हणाला की बायको त्यालाही आहे, पण तिचा रेशो काढावा हे तीस वर्षांत सुचलं नाही. आणि त्याने दोन दिवस मशीन मोकळं करून दिलं.

अडलं ते रोजच्या गिअरवर. अर्धा दाता कापता येत नाही. साडेएकतीस काही केल्या बसेना. दात्यांची जोडी अशी लावली तर एकतीस पूर्णांक दोन, तशी लावली तर एकतीस पूर्णांक नऊ. पहिल्यात गाडी किलोमीटरला दहा मीटर तिच्या पुढे जाणार, दुसऱ्यात बारा मीटर मागे राहणार. दोन म्हातारे त्यावर दुपारपर्यंत भांडले. धर्माजीचं म्हणणं पुरुषाने पुढे असावं. दिनानाथने शेवटी मागे राहायचं ठरवलं. ती पुढे असली तर निदान दिसते तरी, म्हणाला, आणि धर्माजीने वाद सोडला.

गिअर बसले, गाडी उभी राहिली. दांड्याशेजारी दिनानाथने पत्र्याच्या पट्टीवर नीट अक्षरात चार शब्द रंगवले, टोपली, रोजची, दूध, राग. ही त्याची कारखान्यातली सवय. कुठलाही दांडा नाव न लिहिता सोडायचा नाही. ती सवय त्याच्या अंगाशी येणार हे जिवल्याला दिसत होतं, पण जिवल्या सांगितलं त्याच्यापलीकडे बोलत नाही.

पाचचा चहा झाला. दिनानाथ खुर्चीत बसला, इंजिन सुरू झालं, मांजर घुरघुरावं तेवढा आवाज. प्रेमलाला म्हणाला, चल, देवळापर्यंत. ती हात पुसत आली. गाडीभोवती एक फेरी मारली. चेहऱ्यावर तर हसू यायला लागलेलं. मग ती वाकली आणि तिने पट्टी वाचली. टोपली वाचली. रोजची वाचली. दुधाशी थांबली. रागाशी आली आणि सरळ उभी राहिली.

"हे कोणाचं?"

खोटं बोलायला दिनानाथकडे वेळ नव्हता आणि डोकंही नव्हतं. खुणा माझ्या होत्या, त्याने सांगून टाकलं. एकशे चाळीस माझा. जिवल्या मोजत होता.

प्रेमलाने हातातलं फडकं ओटीवर टाकलं. पदर खोचला आणि रस्त्याला लागली. दिनानाथने दांडा सरळ चौथ्यात टाकला आणि मागोमाग निघाला. आणि देवाशपथ सांगायचं तर गिअर असा बसला होता की बघत राहावं! ती संतापाने चालतेय, आणि हा वेताच्या खुर्चीत तिच्या खांद्याला खांदा लावून. इंच पुढे नाही, इंच मागे नाही. ती तोंड फिरवून डावीकडे बघतेय, हा समोर बघतोय. नलू फाटकात होती, तिने काहीतरी विचारायला तोंड उघडलं आणि दोघं निघून गेले. दिनानाथला भीती वाटत होती, लाजही वाटत होती, आणि ह्या सगळ्याच्या तळाशी, खोटं कशाला बोला, त्याला रेशोचा आनंदही होत होता.

देवळाशी ती थांबली. दम लागला होता. दिनानाथने गिअर काढला.

"आठ महिने झाले तू माझ्याशी बोलली नायस," तो म्हणाला. "मला दुसरं काय करता येतं? गिअर कापता येतात."

प्रेमलाने त्याच्याकडे बघितलं. मग देवळाकडे बघितलं. देवीला हात जोडले की कपाळावर हात मारून घेतला ते नक्की सांगता येणार नाही. राग मात्र उतरला. दिनानाथला तो उतरताना दिसला, पदराचा खोचा सुटला तसा. चला, एवढंच म्हणाली आणि परतीच्या वाटेला लागली.

दिनानाथने दुसरा टाकला, रोजचा. सगळा खटाटोप ज्याच्यासाठी केला होता तो. गाडी निघाली, आणि दहा पावलांत प्रेमला मागे पडली. त्याला वाटलं दमली असेल. त्याने टोपलीचा टाकला, सगळ्यात हळू. तरी ती मागेच. थांबला, येऊ दिलं, पुन्हा निघाला, पुन्हा तेच. ती त्याच्या शेजारी आली की तिची पावलं आपोआप लहान पडत, जड पडत, जमीन चाचपत. दहा मीटरला वीस सेकंद तरी. अशी चाल वहीत कुठेच नव्हती.

"जरा पाय उचल," तो कळवळून म्हणाला, "एवढा खालचा गिअर माझ्याकडे नाय."

"तुमच्याबरोबर मी अशीच चालते," प्रेमला म्हणाली.

कधीपासून, त्याने विचारलं. तिने जरा आठवलं. पंधरा वर्षं झाली असतील. त्याचा डावा गुडघा वाजायला लागला तेव्हापासून. एकदा ती नेहमीसारखी चालली आणि हा घरी आल्यावर पायाला तेल चोळत बसला, मग दुसऱ्या दिवसापासून तिने हळू घेतलं, मग अजून हळू. आता सवय झाली. हे बाजूला आले की पाय आपसूक बसतो, मुद्दाम करावं लागत नाही, असं ती अगदी साधं सांगून मोकळी झाली.

पारावर बसून किती जणांना ऐकवलं होतं त्याने! जिवल्याने मोजलं ते सगळं बाई एकटी असतानाचं. दोघांची चाल कोणी मोजलीच नव्हती, आणि तो स्वतः पस्तीस वर्षं तिच्या शेजारी असून त्याला ती दिसली नव्हती. त्याला भयंकर लाज वाटली. आणि मग त्याने बाहीने डोळे पुसले, ते लाजेने नव्हे.

पण मेकॅनिकचं डोकं रडतानाही चालू असतं. त्रेसष्ट, तो म्हणाला. त्रेसष्टाचा रेशो लागेल. त्याला पेटीत जागा नाही, दुसरी पेटी बघावी लागेल, धर्माजीकडे जावं लागेल, दिवाळीपर्यंत होईल.

"दिवाळीपर्यंत मी काय गप्प बसू?" प्रेमला म्हणाली. "बंद करा ते."

त्याने इंजिन बंद केलं. दांडा न्यूट्रलला आणला. ती गाडीच्या मागे गेली, खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवले आणि ढकलायला लागली. चाकं सहज फिरली. बेअरिंग चांगली होती, दिनानाथने स्वतः बसवलेली. त्याला उतरावंसं वाटलं, पण उतरून करणार काय? त्याने हँडल धरलं आणि रस्ता सांभाळला.

ती बोलायला लागली. त्याच्या कानामागून, हळू आवाजात. सुरुवात केली ती आठ महिन्यांपूर्वीच्या त्या मंगळवारपासून, पालघरहून आले आणि तिने पहिल्यांदा एकटीने फेरा मारला तिथून. त्या दिवशी कोण भेटलं, काय म्हणालं, तिने काय उत्तर दिलं आणि काय द्यायला हवं होतं. मग बुधवार. मग गुरुवारी वाडीत पानांवर पडलेला रोग आणि कोणाला विचारावं ते न सुचून ती विहिरीच्या काठावर बसली होती ते. दिनानाथ नुसता हूं हूं करत होता. नलू फाटकात अजून उभीच होती. तिला प्रेमलाने मान हलवली आणि आयुष्यात पहिल्यांदा न थांबता पुढे गेली.

घराच्या फाटकाशी आले तेव्हा शुक्रवार चालू होता. प्रेमलाने फाटक उघडलं नाही. गाडी वळवली आणि पुन्हा देवळाकडे ढकलायला लागली.